हलका, मऊ आणि शिवाय स्थिरही?

धावण्याच्या बुटाच्या जाहिरातीत हे तीन गुण एका ओळीत दिसले की थोडी शंका घ्यायला हरकत नाही. पंधरा-वीस वर्षांपूर्वी या तिन्हींपैकी फार तर दोन मिळायचे. मऊ फोम घेतला की टाच त्यात रुतते आणि पाऊल कडेला कलंडते. ते कलंडू नये म्हणून आतल्या बाजूला टणक फोमचा तुकडा बसवायचा, तर टणक फोम दाट असतो आणि दाट फोमला वजन असते. त्यामुळे ‘स्टॅबिलिटी शू’ म्हणून विकले जाणारे बूट वर्षानुवर्षे तीनशे ग्रॅमच्या पुढेमागे आणि कडक असायचे. आता मात्र अडीचशे ग्रॅमच्या आसपासचे, चांगले मऊ आणि तरीही पाऊल सावरणारे बूट दुकानात आहेत. किंमत बहुधा दहा हजारांच्या वर. रोजच्या सरावासाठी ते घ्यावेत का, हे ठरवायचे तर आधी पाऊल टेकते तेव्हा काय घडते ते पाहू.

धावताना एक पाऊल जमिनीवर साधारण पाव सेकंद असते. तेवढ्यात त्यावर शरीराच्या वजनाच्या दोन ते अडीचपट जोर येतो. माणूस ७० किलोचा असेल तर १४० ते १७५ किलो. बहुतेकांची टाच बाहेरच्या कडेने आधी टेकते, मग पाऊल आत कलते, कमान थोडी दबते, नडगीचे हाड किंचित आत फिरते आणि पाऊल पुन्हा ताठ होऊन चवड्यावरून सुटते. या आत कलण्याला प्रोनेशन म्हणतात. तो दोष नाही. धक्का एकदम न बसता थोड्या वेळात पसरावा, यासाठी शरीराने केलेली ती सोय आहे. कोणाचे पाऊल कमी कलते, कोणाचे जास्त. बाय द वे, टाच बाहेरून टेकते म्हणूनच जवळजवळ सगळ्यांच्या बुटाची टाच बाहेरच्या कडेला झिजते. जुना बूट उलटा करून ‘तुमचे पाऊल असे पडते’ हे छातीठोकपणे सांगणाऱ्यावर फार विसंबू नये.

१९७० च्या दशकात अमेरिकेत सामान्य माणसे हौसेने रस्त्यावर धावू लागली आणि गुडघेदुखी, नडगीदुखी घेऊन डॉक्टरांकडे जाऊ लागली. पाऊल जास्त आत कलते, त्यामुळे नडगी जास्त फिरते, त्यामुळे गुडघ्याला पीळ बसतो, अशी मांडणी तेव्हा पुढे आली. ऐकायला ती पटते. ब्रुक्स कंपनीने १९७७ साली व्हँटेज नावाच्या बुटात आतून उंच असलेली पाचर घातली. पुढच्या दशकात मिडसोल, म्हणजे पाऊल आणि तळाचे रबर यांच्यामधला फोमचा थर, दोन घनतांचा करणे रूढ झाले, बाहेरच्या बाजूला मऊ आणि आतल्या बाजूला टणक. असिक्सची कायानो ही मालिका १९९३ मध्ये आली आणि याच विचारावर वाढली.

मांडणी पटणारी असली तरी पुरावा तिच्यामागे निमूट चालत आला नाही. स्टाकॉफ आणि सहकाऱ्यांचा २००१ सालचा एक प्रयोग वाचताना अंगावर काटा येतो. बाहेरून चित्रीकरण केले तर बुटाची हालचाल दिसते, आतल्या टाचेची नाही. म्हणून त्यांनी पाच स्वयंसेवकांच्या टाचेच्या आणि नडगीच्या हाडात धातूच्या बारीक पिना बसवल्या आणि त्यांना निरनिराळ्या तळांच्या बुटांत धावायला लावले. बूट बदलल्याने हाडांच्या हालचालीत पडलेला फरक अगदी थोडा निघाला, आणि तोही सगळ्यांत एकाच दिशेने नव्हता. माणसामाणसांतला फरक त्याहून कितीतरी मोठा होता. दुकानातल्या ट्रेडमिलवरच्या व्हिडिओत पाऊल ‘सरळ’ झालेले दिसते तेव्हा हा प्रयोग आठवावा. सरळ झाला असेल तो कदाचित फक्त बूट.

मग दुखापतींचे काय? अमेरिकेच्या लष्कर, हवाई दल आणि मरीन कोअरमधल्या हजारो नव्या भरतीच्या जवानांवर नापिक आणि सहकाऱ्यांनी चाचण्या घेतल्या. २००९ आणि २०१० मध्ये त्या प्रसिद्ध झाल्या. एका गटाला तळव्याचा आकार पाहून बूट दिले, दुसऱ्या गटाला आकार न पाहता सरसकट स्टॅबिलिटी शू. दुखापतींचे प्रमाण जवळपास सारखेच राहिले. डेन्मार्कमध्ये ९२७ नवशिक्यांना साध्या, न्यूट्रल बुटांत वर्षभर धावू दिले. २०१४ मध्ये आलेल्या निष्कर्षात आत कलणाऱ्या पावलांना जास्त दुखापती झालेल्या दिसल्या नाहीत. उलट दर हजार किलोमीटरमागे त्या थोड्या कमीच होत्या. मात्र फारच जास्त कलणारी पावले त्यांच्याकडे मोजकी होती, हे विसरू नये. कॅनडात ८१ स्त्रिया अर्धमॅरेथॉनसाठी १३ आठवडे सराव करत होत्या. तिथे सर्वांत ‘आवरणारे’, म्हणजे पावलाचे आत कलणे सर्वांत जास्त रोखणारे, बूट घालणाऱ्यांनीच जास्त वेदना नोंदवल्या.

इतके झाल्यावर स्टॅबिलिटी हा नुसता विक्रीचा बहाणा आहे असे म्हणावेसे वाटते. पण लक्झेंबर्गमध्ये मालिझू यांच्या गटाने केलेला अभ्यास मला यातला सर्वांत नेटका वाटतो. ३७२ हौशी धावपटू, सहा महिने. दिसायला सारखेच बूट, काहींमध्ये पाऊल आवरणारी रचना, काहींमध्ये नाही, आणि आपल्या पायात कोणता आहे हे धावपटूला ठाऊक नाही. आवरणाऱ्या बुटात दुखापती कमी झाल्या, आणि हा फायदा प्रामुख्याने आत कलणाऱ्या पावलांना झाला. २०२२ मध्ये वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने १२ चाचण्या आणि ११ हजारांहून अधिक सहभागी एकत्र तपासले. पावलाच्या आकारावरून बूट ठरवल्याने बहुधा फारसा फरक पडत नाही, असे त्यात म्हटले आहे.

या सगळ्यातून मी काढलेला अर्थ असा. पाऊल ‘दुरुस्त’ करणारा बूट असे काही नसते. पण दमलेल्या पावलाखाली आपली जागा न सोडणारा बूट असतो, आणि काही पायांना तो नक्की बरा पडतो. तो कोणाला, हे ओला पाय फरशीवर उमटवून कळत नाही, धावूनच कळते. कॅलगरी विद्यापीठाचे बेनो निग यांनी २०१५ मध्ये असाच विचार मांडला. शरीर हालचालीची आपली आवडती वाट सोडत नाही, आणि त्या वाटेला अडथळा न आणणारा बूट पायाला आरामदायी वाटतो, म्हणून निवड करताना आराम हीच चाळणी धरावी. हा सिद्धान्त अजून पुरता पडताळलेला नाही, पण सध्या हातात असलेल्या चाळण्यांत तो कामाचा आहे.

आता त्या तीन गुणांचे कोडे कसे सुटले ते पाहू. उत्तर बरेचसे फोममध्ये आहे. अनेक दशके मिडसोल म्हणजे ईव्हीए या प्लॅस्टिकचा फोम असेच समीकरण होते. २०१३ मध्ये आदिदासने बूस्ट आणला, टीपीयू या रबरासारख्या प्लॅस्टिकचे फुगवलेले दाणे एकमेकांना चिकटवून केलेला. २०१७ मध्ये नायकीच्या व्हेपरफ्लायमध्ये पीबा नावाच्या प्लॅस्टिकचा फोम आला. कोलोरॅडो विद्यापीठातल्या एका तुलनेत दाबताना दिलेल्या ऊर्जेपैकी व्हेपरफ्लायने ८७ टक्के परत केली, बूस्टच्या बुटाने ७६ आणि नेहमीच्या फोमच्या शर्यतीच्या बुटाने ६६ टक्के. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे हा नवा फोम फार हलका असतो. त्यामुळे वजन न वाढवता तो जाड आणि रुंद वापरता येतो.

आणि रुंदी हेच स्थिरतेचे जुने, साधे साधन आहे. टणक तुकड्याची जागा आता आकाराने घेतली आहे. तळ रुंद असतो, फोमच्या कडा वर उचललेल्या असतात, त्यामुळे पाऊल मिडसोलच्या वर न बसता थोडे आत बसते. ब्रुक्स टाचेच्या दोन्ही बाजूंना कठड्यासारख्या पट्ट्या देते. होकाच्या अराही बुटात जरा टणक फोम जे या इंग्रजी अक्षराच्या आकारात टाचेला वळसा घालतो. २०२२ मध्ये आलेल्या सॉकनीच्या टेम्पसमध्ये मधला गाभा मऊ आणि उसळत्या फोमचा, आणि त्याभोवती टणक ईव्हीएची चौकट. २०२३ च्या कायानो ३० मध्ये असिक्सने कमानीखाली टणकाऐवजी जास्त उसळणारा मऊ फोम घातला. पाऊल त्यात दबले की तो परत ढकलतो. एकाच कंपनीने तीस वर्षांत एकाच जागी आधी टणक आणि मग मऊ तुकडा बसवावा, यातच या शास्त्राची सद्यःस्थिती कळते.

रुंदीची एक उलट बाजूही आहे. टाच बाहेरच्या अंगाला जास्त पसरट केली, तर जमिनीचा पहिला धक्का घोट्यापासून दूर लागतो, तरफ लांब होते आणि पाऊल अधिक वेगाने आत फेकले जाते. म्हणून चांगल्या बुटात टाचेची बाहेरची मागची कड तासलेली किंवा जास्त मऊ ठेवलेली असते. हे तपासायला आपले रस्ते फार सोयीचे. पावसाचे पाणी ओसरावे म्हणून डांबरी रस्त्याला दोन्ही कडांकडे उतार दिलेला असतो. रस्त्याची एकच कड धरून जा आणि त्याच कडेने परत या. जाताना एक पाय उताराकडे, येताना दुसरा. एका दिशेला बूट शहाणा आणि दुसऱ्या दिशेला घोट्याशी भांडणारा वाटला, तर सपाट ट्रेडमिलवर तो कितीही छान वाटला तरी रोजच्या सरावाचा नाही.

वजनाचे गणित मात्र लोक फार मनावर घेतात. प्रत्येक बुटाला १०० ग्रॅम वाढवले की धावण्याचा ऊर्जाखर्च सुमारे एक टक्का वाढतो, हे अनेकदा मोजले गेले आहे. ३००० मीटरच्या धावेत तेवढ्याच वजनाने वेळ पाऊण टक्क्याच्या जरा वर वाढली. म्हणजे ३०० ग्रॅमचा बूट सोडून २५० चा घेतला, तर एका तासात १० किलोमीटर धावणाऱ्याचे अंदाजे पंधरा सेकंद वाचतील. शर्यतीत ते मोलाचे. रोजच्या सरावात आदल्या रात्रीची झोप आणि सकाळची दमट हवा याहून जास्त फरक पाडतात, आणि मनगटावरच्या घड्याळात तर तो फरक दिसणारही नाही. तुलना करताना दोन्ही बूट एकाच साईजचे घ्या. कंपन्या सहसा पुरुषांच्या अमेरिकी ९ नंबरचे वजन छापतात, ११ नंबरचा बूट त्याहून बराच जड असतो.

मऊपणा दुकानात अंगठ्याने दाबून पाहण्याची सवय सोडलेली बरी. अंगठ्याचा जोर पाच-दहा किलो, पावलाचा दीडशेच्या पुढे. अंगठ्याला मऊ लागलेला फोम धावताना पुरता दबून कडक होऊ शकतो, आणि अंगठ्याला कडक वाटलेला छान काम करू शकतो. मालिझू यांच्या गटाच्या २०२० च्या अभ्यासात ८४८ धावपटूंपैकी कडक बूट घातलेल्यांना दुखापतीचा धोका सुमारे दीडपट दिसला. गंमत म्हणजे मऊ बुटाचा फायदा हलक्या वजनाच्या धावपटूंना झाला, जड वजनाच्यांना नाही. आपली समजूत नेमकी उलटी असते. पण ‘जितका जाड तितका बरा’ असेही नाही. फिनलंडमधल्या एका छोट्या प्रयोगात, अवघ्या बारा जणांत, खूप जाड तळाच्या बुटात वेगाने धावताना टाचेचा धक्का वाढलेला आढळला. खाली मऊ लागले की पाय स्वतः जास्त ताठ होतो, असे त्याचे कारण सांगतात.

मग बूट पाहायचा कसा? संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना. आतला इनसोल बाहेर काढून त्यावर उभे राहा. पाऊल कडेबाहेर सांडत असेल तर तो बूट तिथेच परत द्या, कारण रुंद तळाचा उपयोग पाऊल त्यात मावले तरच. मग एका पायावर गुडघा किंचित वाकवून उभे राहा, आधी या बुटात, मग शेजारच्या न्यूट्रल बुटात. घोट्याची धडपड कुठे कमी होते ते लगेच कळते. खरी परीक्षा लांब धावेच्या शेवटच्या दोन किलोमीटरांत असते, कारण ताज्या पायाला जवळपास कोणताही बूट स्थिर वाटतो. कोणाला तरी मागून मोबाईलवर स्लो मोशनमध्ये चित्रीकरण करायला सांगा, सुरुवातीला एकदा आणि दमल्यावर एकदा. अंश मोजू नका, दोन्हींत फरक किती पडला तेवढे पाहा. कमानीखाली काही टोचल्यासारखे वाटत असेल तर ‘सवय होईल’ या आश्वासनावर जाऊ नका. आणि एकाच पायाची कमान अलीकडे खाली बसू लागली असेल, घोट्याच्या आतल्या बाजूला दुखत असेल, तर तो प्रश्न बुटाच्या दुकानाचा नाही, अस्थिरोगतज्ज्ञाचा आहे.

टिकाऊपणात हे हलके बूट थोडे कमी पडतात. ग्रॅम वाचवायला तळाचे रबर जागोजाग काढलेले असते. उघडा फोम काँक्रीटवर लवकर घासला जातो आणि पावसाळ्यात गुळगुळीत फरशीवर सटकतो. फोम स्वतःही थकतो. १९८५ मध्ये यंत्रावर केलेल्या चाचण्यांत बुटांची धक्का शोषण्याची ताकद पहिल्या ८० किलोमीटरांतच पाऊण हिश्श्यावर आली आणि नंतर सावकाश घटत राहिली. फोम तेव्हाचे होते, पण घसरण सुरुवातीलाच जास्त होते हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. स्टॅबिलिटी शूमध्ये फोम किती दबला यापेक्षा तो एकाच बाजूने दबला का, हे पाहायचे. दोन-तीनशे किलोमीटरनंतर बूट टेबलावर ठेवून मागून बघा. टाच आत झुकलेली दिसली, तर ज्या कामासाठी जास्त पैसे मोजले ते काम आता थांबले आहे.

जुना बूट मात्र नवा आणल्या दिवशी टाकू नका. लक्झेंबर्गच्याच २६४ धावपटूंच्या पाहणीत आलटून पालटून एकाहून अधिक बूट वापरणाऱ्यांना दुखापतीचा धोका ३९ टक्के कमी दिसला. ही नुसती पाहणी होती, चिठ्ठ्या टाकून केलेला प्रयोग नव्हे. दोन जोड बाळगणारे लोक इतर बाबतींतही अधिक काळजी घेत असतील. तरी पहिले काही आठवडे नवा बूट छोट्या धावांना आणि जुना लांब धावांना ठेवला, तर पोटरीला नव्या तळाची सवय होते आणि दोन्हींची तुलनाही त्याच रस्त्यावर, त्याच आठवड्यात करता येते.