शेतसंरक्षण बंदूक

शेतसंरक्षण बंदूक : रानडुक्कर, माकड, गवा इत्यादी वन्य प्राण्यांपासून उभे पीक राखण्यासाठी सरकारी परवान्यावर बाळगली जाणारी बंदूक. कोकणात, विशेषतः सिंधुदुर्ग व रत्नागिरी जिल्ह्यांत, ती बहुधा ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू-छर्रे ठासून भरायची) असते. काडतुसाची एकनळी बंदूकही आढळते.

‘बंदूक’ हा शब्द मराठीत फार्सीच्या वाटेने आला, याविषयी दुमत नाही. त्यामागील अरबी ‘बुंदुक’ शब्दाविषयी मात्र दोन मते आहेत. व्हेनिस शहराचे अरबी नाव ‘अल-बुंदुकिय्या’ असल्याने शस्त्राचे नाव त्या शहरावरून पडले, असे एक मत. दुसऱ्या मतानुसार ‘बुंदुक’ म्हणजे हेझल झाडाचे वाटोळे फळ. त्यावरून गलोलीसारख्या धनुष्यातून फेकायची मातीची गोळी आणि पुढे गोळी फेकणारे नळीचे शस्त्र, असा अर्थ सरकत गेला. या मतात अर्थाची साखळी सलग लागते, म्हणून ते अधिक ग्राह्य वाटते. भारतात हातबंदूक कोणी आणली, हाही वाद आहे. १५२६ च्या पानिपतच्या लढाईत बाबराने तुर्की धर्तीच्या बंदुका वापरल्या. पश्चिम किनाऱ्यावर पोर्तुगीज त्याआधीच पोहोचले होते. दोन्ही प्रवाह स्वतंत्रपणे आले असावेत.

चाप ओढताच जळता तोडा (धुमसती वात) दारूला लावणारी ती तोड्याची बंदूक. तिच्यामागून गारेच्या ठिणगीने पेटणारी चकमकीची आली. सध्याची ठासणीची बंदूक या दोहोंनंतरची, टोपीची आहे : आघाताने पेटणारे रसायन भरलेली छोटी टोपी तिची दारू पेटवते. आघाताने पेट घेणाऱ्या रसायनाचा वापर स्कॉटलंडमधील अलेक्झांडर फॉर्साइथ या धर्मोपदेशकाने १८०७ मध्ये पेटंट केला. तांब्याच्या टोपीचे श्रेय अनेकांना दिले जाते. साधारणतः १८२० च्या आसपास ती प्रचारात आली असावी.

ही बंदूक तोंडाकडून भरतात. आधी दारू, मग काथ्याचा बोळा, त्यावर छर्रे, पुन्हा बोळा. प्रत्येक थर गजाने ठासायचा, म्हणून ठासणीची. शेवटी घोड्याखालच्या (चाप ओढताच आपटणाऱ्या भागाखालच्या) बोंडावर टोपी (बोलीत केप) बसवतात. एक बार झाला की हे सारे पहिल्यापासून करावे लागते. रात्री राखणीला बसलेल्या माणसाच्या हाती म्हणजे एकच बार असतो. भात पोसवते तेव्हा पाऊस पुरता गेलेला नसतो; दारू सर्दावली, तर तो एकही उडत नाही. चवताळलेल्या डुकरापुढे हे हत्यार किती तोकडे आहे, हे राखणदाराला पक्के ठाऊक असते.

ब्रिटिश काळातील १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याविना शस्त्र बाळगणे गुन्हा ठरवले. १९३१ च्या कराची अधिवेशनात काँग्रेसने नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांच्या ठरावात घातला होता. संविधानात तो आला नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ हा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याच्या कलम १३(३) मध्ये खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. ती पुरेशी पडणार नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाली, तर किमान २० इंच नळीची, आतून गुळगुळीत अशी दुसरी बंदूक देता येते. जिल्हादंडाधिकारी पोलीस अहवाल मागवून परवाना देतात. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत ३ वर्षांवरून ५ वर्षे झाली. परवान्यात वैधतेचे क्षेत्र नमूद असते.

या परवान्याने बंदूक बाळगता येते, प्राणी मारता येत नाही. हा भेद नीट न कळल्याने अनेक शेतकरी अडचणीत येतात, म्हणून तो विस्ताराने सांगणे जरूर आहे. वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ नुसार शिकारीला बंदी आहे. जीविताला किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला धोकादायक ठरलेला प्राणी मारण्याची लेखी परवानगी कलम ११(१)(ब) खाली वनाधिकारी देऊ शकतात, तीही कायद्याला जोडलेल्या प्राण्यांच्या याद्यांतील, म्हणजे अनुसूचींतील, त्या प्राण्याच्या स्थानानुसार. २०२२ च्या दुरुस्तीने रानडुक्कर अनुसूची २ मध्ये आले, म्हणजे त्याच्याबाबत ही परवानगी मिळू शकते. ही परवानगी नसेल, तर कायद्याच्या चौकटीत राहणाऱ्या शेतकऱ्याला हवेत बार काढून कळप पिटाळणे एवढेच उरते.

प्राणी अंगावर आला तर? फौजदारी कायद्यातील खासगी बचावाचा हक्क येथे लावावा की नाही, हा तांत्रिक प्रश्न आहे. तो हक्क गुन्ह्याविरुद्ध आहे आणि गुन्हा माणूसच करतो. तेव्हा भारतीय न्याय संहितेतील कलमे ३४ ते ४४ येथे फारशी उपयोगी पडत नाहीत, असे मानणे सयुक्तिक वाटते. खरा आधार वन्य जीव अधिनियमाच्या कलम ११(२) चा आहे : स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बचावासाठी सद्भावनेने प्राणी मारणे वा जखमी करणे गुन्हा नव्हे. मात्र त्या वेळी ती व्यक्ती याच कायद्याचा भंग करीत असेल, तर हे संरक्षण मिळत नाही. शिवाय मेलेला प्राणी सरकारची मालमत्ता ठरतो. बचावात मारलेल्या डुकराचे मांस वाटून घेतले, की निर्दोष माणूसही आरोपी होतो.

अभयारण्यात मुख्य वन्यजीव रक्षक किंवा प्राधिकृत अधिकारी यांच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही (कलम ३१). राष्ट्रीय उद्यानांनाही हेच लागू आहे. अभयारण्यापासून १० किमीच्या आत राहणाऱ्या परवानाधारकांनी नोंदणी करावयाची असते आणि तेथे नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या संमतीशिवाय मिळत नाही (कलम ३४). राधानगरीसारख्या अभयारण्यालगतच्या गावांना, म्हणजे जनावरांचा उपद्रव जिथे सहज पोहोचतो तिथेच, ही अट आडवी येते.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याचा प्रश्न येतो. निवडणूक आयोगाच्या सूचनांनुसार जिल्हा छाननी समितीने प्रत्येक परवानाधारकाचा स्वतंत्र विचार करणे अपेक्षित आहे. सरसकट जमा करून घेणे त्यात बसत नाही. महाराष्ट्र विधानसभेचे मतदान २००९ मध्ये १३ ऑक्टोबरला, २०१४ मध्ये १५ ऑक्टोबरला आणि २०१९ मध्ये २१ ऑक्टोबरला झाले. कोकणात त्याच दिवसांत भात कापणीला येते आणि डुकरे रोज रात्री शेतात उतरतात.