गुडघे टेकण्याचा वाद: ख्रिस्ती उपासनेतील शिस्त आणि आदराची पार्श्वभूमी

उपासनेत शिस्त नको, असे म्हणणारे ख्रिस्ती इतिहासात फारसे सापडत नाहीत. भांडणे झाली ती शरीरावरून: उभे राहायचे, बसायचे की गुडघे टेकायचे, हात पुढे करायचा की तोंड उघडायचे.

आरंभीचा धर्मप्रचारक पौल याने इ.स. 55 च्या सुमारास करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला पत्र लिहून उपासनेतली शिस्त सांगितली. अन्य भाषांत (भक्तीच्या आवेगात निघणाऱ्या, इतरांना न कळणाऱ्या बोलीत) बोलायचे तर दोघा-तिघांनी, पाळीपाळीने, आणि अर्थ सांगणारा नसेल तर गप्प बसावे. प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत घ्यायची भाकर व द्राक्षारस, मात्र बसून घ्यावे की गुडघे टेकून, यावर त्या पत्रात अक्षर नाही. 325 सालच्या निकिया इथल्या बिशपांच्या परिषदेचा विसावा नियम तर रविवारची प्रार्थना उभ्यानेच करा असे सांगतो. पुढे पश्चिमेकडे गुडघे टेकणे हीच आदराची खूण होऊन बसली.

खरी ठिणगी पडली ती इंग्लंडमध्ये, 1552 साली. नवे प्रार्थनापुस्तक 1 नोव्हेंबरपासून लागू व्हायचे होते, छपाईही सुरू झाली होती. तेवढ्यात एका स्कॉटिश प्रवचनकाराने राजापुढच्या प्रवचनात आक्षेप घेतला: शिष्य शेवटच्या भोजनाला गुडघे टेकून नव्हते, मग भाकरीपुढे गुडघे टेकणे ही मूर्तिपूजाच नाही का? राजाच्या सल्लागार मंडळाने छपाई थांबवली. प्रार्थनापुस्तक घडवणारे आर्चबिशप चिडले. शास्त्रात नाही ते करायचेच नाही असे म्हणाल, तर तुर्क-तातारांसारखे जमिनीवर आडवे पडून जेवा, असे त्यांनी लिहून कळवले.

शेवटी गुडघे टेकण्याचा नियम राहिला, पण सोबत एक खुलासा आला. हे नम्रतेचे आणि कृतज्ञतेचे चिन्ह आहे, तसेच भोजनातला गोंधळ टाळण्यासाठी आहे. भाकर व द्राक्षारसाची आराधना यात अभिप्रेत नाही. पार्लमेंटची मंजुरी नसलेला हा मजकूर कित्येक प्रतींत वेगळे पान घालून चिकटवावा लागला. गोंधळ टाळण्यासाठी लिहिलेला खुलासा असा घाईघाईने डकवला जावा, यातली गंमत नजरेआड करता येत नाही. माझ्या मते ही तडजोड दोन्ही बाजूंना न पटणारीच होती. 1559 मध्ये खुलासा वगळला गेला, 1662 मध्ये एका कळीच्या शब्दाच्या फेरफारासह परत आला.

दरम्यान स्कॉटलंडवर 1618 मध्ये पर्थ इथे हाच नियम लादला गेला. तिथे लोक मेजाभोवती बसून एकमेकांकडे भाकर देत. त्यांच्या लेखी आदर तो हाच. 1638 मध्ये ग्लासगोच्या चर्चसभेने नियम मोडीत काढला. 1645 च्या उपासनेच्या वेस्टमिन्स्टर मार्गदर्शिकेत लोकांनी मेजाभोवती ‘किंवा’ मेजाशी बसावे असे लिहिले गेले. मेजाशीच बसवायचे की आपापल्या जागी बसू द्यायचे, हा तंटा त्या ‘किंवा’ने झाकला.

विसाव्या शतकात तोच प्रश्न वेगळ्या वेशात आला. 1906 पासून लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरच्या सभांत लोक अन्य भाषांत बोलू लागले, रडू लागले, जमिनीवर कोसळू लागले. विरोधकांनी करिंथकरांच्या पत्रातला शिस्तीचा उपदेश पुढे केला. समर्थकांनी त्याच अध्यायातले ‘अन्य भाषा बोलण्यास मना करू नका’ हे वचन.

कॅथलिकांमध्ये ख्रिस्तप्रसाद, म्हणजे प्रभुभोजनातली भाकर, जिभेऐवजी हातावर घेण्याचा मुद्दा पेटला. जगभरच्या बिशपांचा कौल घेतला तेव्हा 1,233 जणांनी सरळ नकार दिला. तरीही 1969 मध्ये रोमने जिभेवर देण्याचीच रीत कायम ठेवून, जिथे हातावर घेणे रुळले होते तिथल्या बिशपांना परवानगी मागायची मुभा दिली. खरे तर चौथ्या शतकातल्या जेरुसलेमच्या शिकवणीत डावा हात उजव्याचे सिंहासन कर, म्हणजे प्रसाद हातावर घे, असे नवदीक्षितांना सांगितलेले आहे. म्हणजे जुन्या रीतीचा दाखला हातावर घेणाऱ्यांनाही मिळतो. 2020 च्या साथीत अनेक धर्मप्रांतांनी जिभेवर देणे थांबवले, आणि काहींनी हातावर घेण्यापेक्षा न घेणेच पसंत केले.