फॅन्टसी बेसबॉलमध्ये टीम आणि प्लेअर जोखायची पद्धत आली कुठून

ड्रीम११मुळे आपल्या मुंबईत लोकलच्या डब्यातला प्रत्येक जण सिलेक्टर झाला, पण खऱ्या प्लेअरची आपली टीम काढून त्यांच्या आकड्यांवर पॉइंट मोजायचा हा फॅन्टसी खेळ मुळात अमेरिकन बेसबॉलवाल्यांचा, आणि गंमत म्हणजे त्यांनीही आकडेमोड क्रिकेटवरूनच उचललेली. हेन्री चॅडविक हा इंग्लंडमध्ये जन्मलेला पत्रकार आधी क्रिकेटच्या बातम्या द्यायचा, १८५०च्या दशकात बेसबॉलकडे वळला आणि आपल्या स्कोअरकार्डसारखा बॉक्स स्कोअर त्यानेच रुजवला. तो नसता तर पुढचं काहीच झालं नसतं.

१९६० मध्ये विल्यम गॅमसन या समाजशास्त्राच्या प्राध्यापकाने मित्रांसोबत खेळाडू 'विकत' घेऊन सीझनभर त्यांच्या आकड्यांवर पॉइंट मोजायचा खेळ सुरू केला, आणि नाव काय दिलं तर बेसबॉल सेमिनार! या खेळाची कुणकुण डॅनियल ओक्रेंट या लेखकाला त्याच्या एका प्राध्यापकाकडून लागली, मग १९८० मध्ये त्याने न्यूयॉर्कमध्ये मित्रमंडळींची लीग काढली. ते जेवायला ज्या फ्रेंच रेस्टॉरंटमध्ये जमायचे त्यावरून रोटिसरी हे नाव पडलं. पुढे २६० डॉलरमध्ये २३ प्लेअर हे ऑक्शनचं गणित पक्कं झालं. १९८१ मध्ये प्लेअर्सनी संप केला, मॅचेस बंद, पत्रकारांना लिहायला काही नाही, मग ते या लीगवरच लिहीत बसले आणि हे वेड देशभर गेलं.

त्या पहिल्या लीगमध्ये फक्त नॅशनल लीगचे (अमेरिकन बेसबॉलच्या दोन मोठ्या लीगपैकी एक) प्लेअर घ्यायचे असा नियम होता, आणि मला वाटतं खरी पारख तिथेच सुरू झाली, कारण अर्धेच प्लेअर हाताशी म्हटल्यावर बेंचवरच्या माणसालाही भाव येतो, मग कुठल्या टीममध्ये कुणाची जागा पक्की आहे आणि कुणाला दुखापत झाली की कोण आत येणार हे सगळं बघावंच लागतं. त्याच सुमारास बिल जेम्स हा बेसबॉलच्या आकड्यांचा अभ्यासक (१९७७पासून) वार्षिक पुस्तिका काढून सांगत होता की नुसत्या बॅटिंग ॲव्हरेजवर जाऊ नका, ग्राउंड बघा. कांगा लीगमध्ये पावसाळी ओल्या विकेटवर काढलेले ४० रन आणि पाटा विकेटवरचे ४० रन एक नाहीत हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही, तसंच हे. डेन्व्हरचं कूर्स फील्ड १९९५ मध्ये उघडलं, उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर, हवा विरळ, त्यामुळे बॉल लांब जातो आणि कर्व्हबॉल (हवेत वळणारा बॉल) नीट वळत नाही. २००२ पासून तिथे बॉल दमट खोलीत ठेवतात, तरी तिथल्या बॅटरचे बाहेरगावचे आकडे वेगळे काढून बघायचे आणि पिचरला (बेसबॉलचा बॉलर) लगेच नावं ठेवायची नाहीत.

आपल्याकडे ऑगस्ट २०२५च्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी आली, म्हणजे आता मित्रामित्रांची फुकट लीगच.

प्लेअर जोखताना डिव्हिजनचं, म्हणजे लीगमधल्या पाच-पाच टीमच्या गटाचं, मात्र नीट बघा. २०२२ पर्यंत एक टीम आपल्याच डिव्हिजनमधल्या चार टीमशी ७६ मॅच खेळायची, त्यामुळे शेजारी कमजोर असले की पिचरचे आकडे फुगायचे. २०२३ पासून त्या ५२ झाल्या आणि दुसऱ्या लीगच्या सगळ्या टीमशीही गाठ पडते, तेव्हा जुन्या लेखांमधलं 'याचं डिव्हिजन सोपं, घेऊन टाक' हे आता निम्मंच खरं.