गणपतीचे फोटो आणि नॅनोग्रॅमचा हिशेब

कोकणात दर वर्षी गणपतीपुढे घरच्यांचा फोटो निघतो. गणपतीवर टांगलेली फळापानांची तीच माटी, तीच माणसं. दहा वर्षांचे फोटो ओळीने मांडले तर एखाद्या काकांचं नाक रुंदावलेलं, जबडा पुढे आलेला दिसतो. रोज बघणाऱ्यांच्या हे ध्यानात येत नाही, मुंबईहून आलेल्या चाकरमानी पुतण्याच्या येतं. अंगठी बोटात जात नाही, चपलेचा नंबर वाढतो. 1886 मध्ये पिएर मारी या फ्रेंच डॉक्टरांनी या आजाराला अ‍ॅक्रोमेगली नाव दिलं, तेव्हाही निदान असंच, चेहरा आणि हात बघून होत असे.

मूळ असतं मेंदूच्या तळाशी, काळ्या वाटाण्याएवढ्या पिट्युटरी ग्रंथीत. तिथली गाठ बहुधा कॅन्सरची नसते, पण एखादं हार्मोन बेसुमार सोडू शकते; अ‍ॅक्रोमेगलीत ते वाढीचं हार्मोन असतं. अमेरिकन सर्जन हार्वे कुशिंग यांनी 1912 ते 1932 या काळात हा संबंध बराच उलगडला. पण रक्तातलं हार्मोन मोजायचं कसं? पिट्युटरीतलं प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं हार्मोन, नॅनोग्रॅममध्ये मोजतात, म्हणजे ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग. अ‍ॅड्रिनल ग्रंथीला चालना देणारं तिथलंच एसीटीएच त्याच्याही हजारपट बारीक मापात.

वाट सापडली ती मधुमेहाच्या अभ्यासात. न्यूयॉर्कमध्ये रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांना दिसलं, की इन्सुलिन टोचून घेणाऱ्यांच्या शरीरात त्याविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात. नियतकालिकाने आधी लेख परत पाठवला, ‘अँटिबॉडी’ हा शब्द मथळ्यातून काढायला लावला. त्याच अँटिबॉडीचा त्यांनी हार्मोन मोजायला वापर केला. अँटिबॉडीवर चिकटायच्या जागा मोजक्या, त्यावर किरणोत्सारी हार्मोन आणि रुग्णाचं हार्मोन दोघांची झुंबड. रुग्णाचं जास्त, तर किरणोत्सारी तेवढं बाहेर. 1960 च्या सुमारास इन्सुलिन असं मोजलं गेलं, 1963 मध्ये वाढीचं हार्मोन. यालोंना 1977 चं नोबेल मिळालं. बर्सन त्याआधीच, 1972 मध्ये, वारले होते. पेटंट दोघांनीही घेतलं नाही.

प्रोलॅक्टिनची गोष्ट आणखी मजेची. माणसात ते वेगळं असतं यावरच अनेकांचा विश्वास नव्हता. 1970-71 मध्ये हेन्री फ्रीजन यांनी ते वेगळं करून मोजलं, आणि पाळी थांबलेल्या, बाळंतपण नसताना दूध येणाऱ्या कित्येक बायकांच्या तक्रारीचं कारण आकड्यात दिसलं. अर्थात आकडा वाढला म्हणजे गाठच असं नाही. गरोदरपण, सुईची भीती, पित्ताच्या गोळीतलं डॉमपेरिडोन, यांनीही तो चढतो. दर मिलिलीटरला साधारण 200 नॅनोग्रॅमच्या वर गेला की गाठीचा संशय पक्का होत जातो. उलट, काही गाठी हार्मोन सोडतच नाहीत. त्यांच्यासाठी एमआरआय आणि नजरेची तपासणी.

किरणोत्सारी किटची जागा आता बहुतेक ठिकाणी प्रकाश मोजणाऱ्या यंत्रांनी घेतली आहे. तालुक्याच्या कलेक्शन सेंटरमध्ये घेतलेलं सॅम्पल थंड डब्यातून मोठ्या लॅबला जातं. प्रोलॅक्टिन आणि आयजीएफ-1 (वाढीच्या हार्मोनमुळे मुख्यतः यकृतात बनणारा, रक्तात स्थिर राहणारा पदार्थ) यांचं सीरम नीट वेगळं करून थंड ठेवलं तर हा प्रवास सोसतं. वाढीचं हार्मोन दिवसभर चढउतार करतं, म्हणून अ‍ॅक्रोमेगलीत आधी आयजीएफ-1 बघतात, मग 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून वाढीचं हार्मोन खाली येतं का ते पडताळतात.

एसीटीएच मात्र नाजूक. नळी बर्फात, लगेच थंड सेंट्रिफ्यूज, प्लाझ्मा गोठवलेला. ती सोय जवळ नसेल तर सॅम्पल पाठवून भागत नाही. पेशंटलाच गाडीत बसून मुंबई गाठावी लागते.