पार्श्वभूमी: पुरुषांचे सपोर्ट ग्रुप, म्हणजे एकत्र बसून मनातलं बोलायचे गट, आणि त्यात मानसोपचारतज्ज्ञासारखा कोणी जाणकार बसवायचा की नाही हा जुना वाद

पुरुषांच्या सपोर्ट ग्रुपवरून आज जे वाद चालतात ते बहुतेक सगळे १९७० च्या दशकातच होऊन गेलेत. त्याआधीचं, म्हणजे १९३५ पासून अमेरिकेत दारू सोडणाऱ्यांचे ग्रुप आणि त्यातली एकाने बोलायचं बाकीच्यांनी ऐकायचं ही पद्धत, हे माहितीचंच आहे.

७० च्या सुरुवातीला स्त्रीमुक्ती चळवळीतल्या बायका छोट्या बैठका घेऊन मनातलं बोलायच्या, ते बघून काही पुरुषांनीही आपले ग्रुप काढले. पण काहींचं म्हणणं आपण बदलायला हवं, तर काहींचं अन्याय आपल्यावरच होतोय, आणि यावरून लवकरच फाटाफूट झाली.

पण मला विचाराल तर खरी महत्त्वाची गोष्ट वेगळीकडे घडली. १९७० सालाच्या शेवटी न्यूयॉर्कमध्ये व्हिएतनाम युद्धातून परतलेले सैनिक आपल्याच संघटनेच्या ऑफिसात जमायला लागले, सरकारी हॉस्पिटलवर विश्वास नव्हता आणि तिथे आपल्याला वेडं ठरवतील ही भीती. त्यांनी स्वतःच काही मानसोपचारतज्ज्ञांना बोलावलं, मात्र अट ही की डॉक्टर म्हणून नाही, बरोबरीने बसायचं, म्हणजे स्वतःबद्दलही बोलायचं आणि प्रश्नांना उत्तरं द्यायची. तज्ज्ञांना ते जड गेलंच असणार, रोगाचं नाव लिहून मोकळं व्हायची सवय! पण या बैठकांतून जे बाहेर आलं त्याचा १९८० मध्ये युद्धानंतरच्या मानसिक आघाताला अधिकृत आजार म्हणून जागा मिळण्यात मोठा वाटा होता, आणि १९७९ मध्ये अमेरिकन सरकारने हॉस्पिटलपासून लांब, साध्या वस्तीत समुपदेशन केंद्रं मंजूर केली तीही याच धर्तीवर. तेव्हा जाणकार माणूस हवा की नको यावर नुसतं हो किंवा नाही असं उत्तरच नाही, तो कोणाच्या अटींवर बसतो हे बघायचं. आजही कित्येक ग्रुप 'आम्हाला कोणी शिकवायला नको' म्हणून जाणकाराला दारातच अडवतात, आणि मग एखादा जण आत्महत्येचं बोलला की सगळे एकमेकांकडे बघत बसतात.

८० च्या दशकात ढोल वाजवत जंगलात शिबिरं घेण्याची लाट आली, तिच्यावर जास्त वेळ घालवण्यात अर्थ नाही. ९० च्या दशकात ऑस्ट्रेलियात मात्र कामाची गोष्ट झाली, सुतारकामाच्या शेड निघाल्या, रिटायर झालेली माणसं खुर्च्या दुरुस्त करता करता बोलायला लागली, समोरासमोर बसवलं तर त्यातली निम्मी आलीच नसती. पुढे हे लोण आयर्लंड आणि ब्रिटनमध्येही पोचलं. मग बायकांना प्रवेश द्यायचा का यावरून काही शेडमध्ये भांडणं झाली, ती अजून चालू आहेत.

तोटे म्हणाल तर सगळ्यात वाईट उदाहरण इंटरनेटवरचं. १९९७ च्या सुमारास कॅनडातल्या एका तरुणीने एकट्या पडलेल्या लोकांसाठी, स्त्री-पुरुष दोघांसाठी, एक वेबसाईट काढली, हेतू आधाराचाच होता. नंतर ती बाजूला झाली आणि तिथूनच आलेला 'इन्सेल' (इच्छा असूनही जोडीदार न मिळालेला) हा शब्द घेऊन वेगळ्याच पुरुषांनी बायकांचा द्वेष करणारे अड्डे उभे केले. दुःख तेच, पण 'अरे, जरा थांब' म्हणणारं कोणी उरलं नाही.

मारहाण करणाऱ्या नवऱ्यांसाठी १९७७ पासून बोस्टनमध्ये जे ग्रुप सुरू झाले तिथे हा धोका आधीच ओळखला गेला, कारण पुरुष पुरुषांचं ऐकून 'तुझी बायकोच तशी' म्हणायला लागतात. म्हणून अशा कार्यक्रमांमध्ये पुढे बायकोशी वेगळं बोलून घरात खरंच काय चाललंय ते विचारायची पद्धत आली. साध्या सपोर्ट ग्रुपमध्ये ही सोय नसते, तिथे ऐकायला मिळते ती एकच बाजू.