पासआऊट: चक्कर, परेड आणि २०१९ची बॅच

स्पोकन इंग्लिशच्या क्लासमध्ये एक गोष्ट हमखास सांगतात, की कॉलेजातून 'पासआऊट झालो' म्हणू नका, त्याचा अर्थ चक्कर येऊन पडलो असा होतो, 'ग्रॅज्युएट झालो' म्हणा. सांगताना सर जरा हसतात पण. अर्धं खरं आहे ते. अमेरिकेत कुणाला सांगितलं की मी २०१९ला पुण्यात कॉलेजात पासआऊट झालो तर समोरचा बिचारा काळजीत पडेल, नाहीतर विचारेल किती प्यायला होतास. पण कुणीतरी आपल्याकडे चुकीचं इंग्रजी बोललं आणि ते सगळीकडे पसरलं, हे मात्र काही पटत नाही, कारण थोडं मागे जाऊन बघितलं तर हा वापर अस्सल ब्रिटिश आहे, तोही लष्करी, आणि चक्कर येण्याचा अर्थच त्या मानाने नवा निघतो.

ईस्ट इंडिया कंपनीचं लंडनच्या दक्षिणेला क्रॉयडनजवळ अ‍ॅडिस्कंब नावाचं मिलिटरी कॉलेज होतं, १८०९ ते १८६१. हिंदुस्थानात पाठवायचे तोफखान्याचे आणि इंजिनिअर अधिकारी इथे तयार व्हायचे. शेवटी जाहीर परीक्षा असायची, कंपनीचे डायरेक्टर समोर बसलेले, आणि नंबरावरून पुढचं ठरायचं, वरचे इंजिनिअर्समध्ये, त्याखालचे तोफखान्यात, उरलेले पायदळात, म्हणजे आपल्या इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडसारखंच की, मार्कांप्रमाणे ब्रँच. या लोकांची जी चरित्रं एकोणिसाव्या शतकात छापली गेली त्यात अमुक साहेब अ‍ॅडिस्कंबमधून 'पास आऊट' झाले, तमुक साहेब वूलिचच्या लष्करी अकादमीतून झाले, अशी भाषा सर्रास सापडते. अर्थ साधा आहे, शेवटची परीक्षा काढली आणि संस्थेतून बाहेर पडला. नुसता 'पास' झालेला माणूस आतच असू शकतो, पुढच्या वर्षात बसलेला, आणि नुसता 'आऊट' झालेल्याला हाकलूनही दिलेलं असू शकतं. दोन्ही एकदम झालं की पासआऊट.

पुढे याला परेड चिकटली. पासिंग आऊट परेड, लष्करातले लोक नुसतं पीओपी म्हणतात. डेहराडूनची इंडियन मिलिटरी अकादमी १९३२ला सुरू झाली, पहिल्या तुकडीत ४० जंटलमन कॅडेट होते आणि ती तुकडी डिसेंबर १९३४मध्ये पासआऊट झाली. त्यातच सॅम माणेकशॉ होते, शिवाय पुढे पाकिस्तानचे लष्करप्रमुख झालेले मुहम्मद मुसा आणि ब्रह्मदेशाचे स्मिथ डन, म्हणजे एका बॅचमधून तीन देशांचे लष्करप्रमुख निघाले, अशी बॅच परत होणं अवघडच.

आपल्याकडे हा शब्द डोळ्यांनी बघायचा तर खडकवासल्याला. एनडीएची, म्हणजे तिथल्या नॅशनल डिफेन्स अकादमीची, परेड वर्षातून दोनदा होते, खेत्रपाल परेड ग्राउंडवर, हे नाव १९७१च्या युद्धात परमवीर चक्र मिळालेल्या अरुण खेत्रपाल यांचं, तेही इथलेच कॅडेट. तीन वर्षं, सहा टर्म झाल्यावर शेवटच्या टर्मची मुलं संथ पावलात क्वार्टरडेकवरून जातात, बँडवर ऑल्ड लँग साइन या निरोपाच्या गाण्याची धून असते, आणि 'अंतिम पग', म्हणजे शेवटच्या पावलाची रेघ, ओलांडला की झालं. इथे 'आऊट' अगदी शब्दशः आहे, एक रेघ आहे आणि ती पार करायची. गंमत म्हणजे पदवीचा कार्यक्रम वेगळा असतो, जेएनयूची पदवी परेडच्या आधीच दिली जाते, म्हणजे ग्रॅज्युएट होणं आणि पासआऊट होणं या तिथे दोन निराळ्या गोष्टी आहेत, दिवससुद्धा निराळे. मे २०२५मध्ये पहिल्या १७ महिला कॅडेट तिथून बाहेर पडल्या तेव्हा बोलण्यात सगळीकडे 'मुलींची पहिली बॅच पासआऊट झाली' असंच होतं, दुसरं काय म्हणणार. पोलिसांत 'दीक्षांत संचलन' असा छान शब्द आहे, नाशिकच्या अकादमीत पीएसआयचं तेच होतं, पण तो निमंत्रणपत्रिकेत राहतो, घरचे लोक 'मुलाची पासिंग आऊट आहे' म्हणूनच रजा टाकतात.

ब्रिटनमध्ये हा अर्थ मेलेला नाही. सैन्य, पोलीस, अग्निशमन दल, तिथे अजून हेच म्हणतात, ब्रिटिश डिक्शनऱ्यांतही तो नोंदवलेला असतो. फक्त तो गणवेशापुरता राहिला, साध्या कॉलेजातल्या पोराला कुणी लावत नाही.

आता चक्कर. ती अमेरिकेकडून आली. एकोणिसावं शतक संपता संपता तिकडे बोलीत 'पास आऊट' म्हणजे चक्क मरणे असा अर्थ होता (नुसतं 'पास अवे' अजून तेच सांगतं), आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो सौम्य होत होत शुद्ध हरपण्यापर्यंत आला, त्यातही दारू पिऊन. नंतर सिनेमा आणि सिरियलींमुळे हाच अर्थ जगभर झाला आणि जुना लष्करी अर्थ चुकीचा वाटायला लागला. परेडला उन्हात तासन्‌तास सावधान उभं राहून, गुडघे ताठ ठेवून एखादा जवान कोसळतो तेव्हा दोन्ही अर्थ एकाच मैदानावर भेटतात, यावरचे विनोद इंग्रजीत पुष्कळ जुने आहेत.

बाकीचे अर्थ तसे किरकोळ. वर्गात पेपर वाटणे हेही पास आऊट. पत्त्यांच्या ब्रिज खेळात चौघांनी पहिल्याच फेरीत पास दिला तर तो डाव पास आऊट, पत्ते गोळा करा आणि परत वाटा. पण एक अर्थ तिकडे शिकायला जाणाऱ्यांनी माहीत करून घ्यावा असा आहे, अमेरिकन कॉलेजात एखाद्या विषयातून 'पास आऊट' होणं म्हणजे आधीच टेस्ट देऊन तो विषय न घेण्याची सूट मिळवणं, म्हणजे आपल्या अर्थाच्या अगदी उलट्या टोकाला, न शिकताच बाहेर.

मग परेडचा शब्द आपल्या इंजिनिअरिंगच्या पोरांच्या तोंडी कसा बसला? माझा अंदाज असा की इथे लष्कर आणि इंजिनिअरिंग सुरुवातीपासून एकमेकांत गुंतलेलं होतं, कालवे रस्ते बांधणारे बरेच साहेब लष्कराच्या बंगाल नाहीतर बॉम्बे इंजिनिअर्सचे, १८५४ला पुण्यात जो इंजिनिअरिंगचा वर्ग निघाला, आजचं सीओईपी, तोही सरकारी बांधकाम खात्याला माणसं पुरवायलाच. अशा खात्यातली बोली कॉलेजात उतरायला वेळ लागत नाही. दुसरं म्हणजे 'पास' आणि 'नापास' आपल्याकडे इतके घरचे झालेत की मॅट्रिक पास ही एकेकाळी ओळख होती, आणि 'कॉलेजातून बाहेर पडला' हेही आपण म्हणतोच, त्यामुळे पासआऊट हा शब्द परका वाटलाच नाही. 'सीओईपीतून पासआऊट झाला', बघा कसं मराठी व्याकरणात बसतं, 'तून'सकट.

पण मला वाटतं आता आपण त्याचा अर्थही बदललाय. हल्ली ते क्रियापद कमी आणि वर्षाचा शिक्का जास्त आहे. 'तू कधीचा पासआऊट?' या प्रश्नाला उत्तर पदवीदानाच्या तारखेचं नसतं, कारण तो कार्यक्रम नंतर कधीतरी होतो आणि निम्मे लोक जात पण नाहीत, उत्तर असतं शेवटच्या सेमचा निकाल लागून ऑल क्लिअर झालो ते साल. एटीकेटीवर पुढे सरकत गेलेला, एम थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, शेवटपर्यंत न सुटलेला मुलगा २०१५ला अ‍ॅडमिशन घेऊन २०२०चा पासआऊट असू शकतो आणि त्याचे मित्र २०१९चे. जाहिरातीत '२०२४/२०२५ पासआऊट फ्रेशर्स' असं लिहितात तेव्हा कंपनीला पदवीपेक्षा हेच बघायचं असतं की किती वर्षं घरी बसलायस आणि किती विषय राहिले होते. 'ग्रॅज्युएट' म्हटलं तर हे कळत नाही, म्हणून एचआरवालेसुद्धा, स्वतः फाडफाड इंग्रजी बोलणारे, फोनवर पहिलं विचारतात, पासआऊट इयर काय?