राजवाडा आणि मोबाइलचा फ्लॅश

नवशिक्यांना हमखास येणारा फॉरवर्ड: 'रात्री फ्लॅश लावा, लांबची इमारतही उजळ येते.' पटण्यासारखं आहे, कारण जवळचा चेहरा खरंच उजळतो. पण अंतर दुप्पट झालं की प्रकाश पावपटच उरतो; 2 मीटरवर जेवढा, त्याचा शंभरावा हिस्सा 20 मीटरवर. मग इंदूरच्या सात मजली राजवाड्यापर्यंत काय पोचणार?

इंदूरकरांना पडताळणं सोपं. राजवाडा चौकात एक फोटो फ्लॅश लावून काढा, दुसरा फ्लॅशवर बोट धरून. इमारत दोन्हींत जवळपास तशीच. पहिल्यात समोरची डोकी तेवढी पांढरीफटक. आता फ्लॅश बंद, कोपर कठड्याला टेकवून नाइट मोड, आणि दोन-तीन सेकंद हलायचं नाही. सराफ्यात, म्हणजे तिथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, जलेबा (भली मोठी जिलेबी) तळताना टिपायचा असेल तर दुकानातला बल्ब पुरतो. फ्लॅशने वाफच पांढरी होते, शिवाय तळणारा वैतागतो.